मिनिटाला ५२ : खंडूच्या फुप्फुसातली परदेशी बुरशी

रुग्ण : खंडू. लॅब्रॅडॉर, नर, नसबंदी झालेला, वय चार वर्षं, एरवीचं वजन ३१ किलो. पत्ता : आधी मॅडिसन, विस्कॉन्सिन, सध्या गंगापूर रोड, नाशिक. तक्रार : खोकला, ताप, अन्नावर वासना नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मी हे लिहीत होते तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, “केसपेपर काढतेस की काय?” केसपेपरच होता. चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून काढली, आजारपण म्हटलं की हात आपोआप रकाने आखतो. पण त्यातली पत्त्याची ओळ मी बारा दिवस उशिरा लिहिली. पुढची सगळी ओढाताण त्या एका ओळीमुळे झाली.

खंडू लेकीचा. पिल्लू असताना व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि नाव मीच ठेवलं. खंडोबाचं कुत्रं म्हणून. तिकडचे लोक त्याला ‘कँडू’ म्हणायचे. ऑक्टोबरच्या १८ तारखेला लेक, जावई, चार वर्षांची नात आणि खंडू असं सगळं बिऱ्हाड कायमचं परत आलं. कुत्र्याचे कागद, लशींचे दाखले, मुंबई विमानतळावरची क्वारंटाइन खात्याची तपासणी, सगळं व्यवस्थित झालं. कसारा घाटात त्याने खिडकीबाहेर तोंड काढलं ते थेट घोटीला आत घेतलं.

खोकला ९ नोव्हेंबरला सुरू झाला. कोरडा, घशात काही अडकल्यासारखा. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर, हवाबदल, नाशिकची पहाटेची थंडी, ज्याला जे सुचेल ते कारण त्याने दिलं. तीन दिवसांनी ताप १०३.८. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, म्हणजे हा ताप खराच. जवळच्या दवाखान्यात नेलं. कानामागे दोन गोचिड्या सापडल्या आणि निदान तिथेच झालं : गोचिडताप. डॉक्सिसायक्लिन सुरू.

यात त्या डॉक्टरांचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे तापलेला कुत्रा आणि अंगावर गोचिड्या असं दिसलं की दहातल्या बहुतेक वेळा तेच निघतं. त्यांनी विचारलं होतं, “कुत्रा कुठून आणलाय?” आणि मी सांगितलं, “मुंबईहून.” विमान मुंबईला उतरलं होतं ना! लेक तेव्हा शाळाप्रवेशाच्या रांगेत होती, मी एकटीच गेले होते. कार्डावर ‘मुंबई’ लिहिलं गेलं. आयुष्यभर शिकाऊ मुलींना मी बजावत आले की हिस्टरी नीट घ्या, पेशंट अर्धवट सांगतो. इथे अर्धवट सांगणारी मी होते.

सातव्या दिवशी खोकला वाढला म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं, पोटासाठी आम्लविरोधी गोळी लिहून दिली. दोन दिवस खंडू उड्या मारायला लागला. वाटीभर दूधभात खाल्ला. आम्ही खूश. चौथ्या दिवशी तो जिना चढताना मध्येच बसला आणि उठेना. मी घड्याळ धरून छाती मोजली : मिनिटाला ५२. शांत झोपलेला निरोगी कुत्रा मिनिटाला तीसच्या आत श्वास घेतो. हिरड्या गुलाबीच्या जागी फिकट जांभळट.

फिल्मवरचा बर्फ

दुसऱ्या डॉक्टर वयाने माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी आधी छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसभर बारीक बारीक पांढरे ठिपके, जसं कुणी मुठीने रवा भुरभुरवलाय. त्यांच्या पुस्तकी भाषेत याला हिमवादळासारखं चित्र म्हणतात. असं चित्र दिसलं की तीन गोष्टी डोक्यात येतात : कुठून तरी पसरत आलेला कॅन्सर, क्षयरोग (माणसाकडून कुत्र्यालाही होतो) आणि बुरशी. मग त्यांनी खंडूला नखशिखांत चाचपलं. खांद्याजवळची गाठ सुजलेली. उजव्या कोपरावर केसांत लपलेली एक छोटी, ओलसर फोडी होती. आंघोळ घालतानाही ती आमच्या लक्षात आली नव्हती.

“काकू, हा जन्मापासून नाशिकमध्येच?”

मी पुन्हा ‘मुंबई’ म्हणणार एवढ्यात लेक म्हणाली, “नाही, विस्कॉन्सिन.”

डॉक्टरांचा हात थांबला. “तिथे नदी, तळं, जंगल... कुठे गेला होता का?”

गेला होता. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, निघायच्या आधीची शेवटची सहल. उत्तरेकडे नदीकाठी लाकडी घर भाड्याने घेतलं होतं. खंडूने तीन दिवस काठावरची काळी, ओलसर माती उकरली. फोटोही आहेत, नाकापासून कपाळापर्यंत चिखल.

फोडीवर काचपट्टी टेकवून त्यांनी नमुना घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मलाही दाखवला. जाड भिंतीच्या गोल पेशी, काहींना बाजूला दुसरी पेशी फुटलेली. आणि दोघींमधला जोड बारीक नाही, चांगला रुंद. लाडू वळताना दोन एकमेकांना चिकटावेत तसा. हा रुंद जोडच ओळखीची खूण. कबुतरांच्या विष्ठेतून येणाऱ्या क्रिप्टोकॉकस या बुरशीत तो चिंचोळा असतो आणि पेशीभोवती चिकट आवरण असतं. हिस्टोप्लाझ्मा ही आणखी एक बुरशी, खूपच लहान आणि शरीराच्या पेशींच्या पोटात दडलेली. ही होती ब्लास्टोमायसिस. एक काचपट्टी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेली, तिथूनही तेच उत्तर आलं. लॅबला डॉक्टरांनी आधीच फोन करून सांगितलं होतं की हिचं कल्चर लावू नका, म्हणजे बशीत ही बुरशी वाढवून बघू नका. शरीराच्या उष्णतेत ही बुरशी गोल यीस्टच्या रूपात राहते, पण खोलीच्या तापमानाला तंतू धरते आणि त्या तंतूंचे बीजाणू हवेत उडतात. म्हणजे आजाऱ्यापेक्षा बशी धोक्याची.

ही बुरशी आपल्याकडची नव्हे. भारतात तिच्या नोंदी तुरळक. तिचं माहेर उत्तर अमेरिका : मिसिसिपी आणि ओहायो नद्यांची खोरी, मोठ्या सरोवरांचा परिसर. ओली माती, कुजकं लाकूड, पाण्याचा काठ. १८९४ मध्ये गिलख्रिस्ट यांनी तिचं पहिलं वर्णन केलं. विस्कॉन्सिनमधल्याच ईगल रिव्हरजवळ १९८४ च्या जून महिन्यात शाळेची मुलं बीव्हरच्या तळ्याकाठी शिबिराला गेली होती. तपासलेल्या ९५ जणांपैकी ४८ जणांना हा आजार निघाला आणि बुरशी तिथल्या मातीतून, कुजलेल्या लाकडातून वेगळी करता आली. माती उकरली की बीजाणू उडतात, नाकातून फुप्फुसात जातात. कुत्रा जमिनीला नाक लावून जगतो, म्हणून माणसापेक्षा त्याला कितीतरी जास्त होतो. लक्षणं दिसायला साधारण पाच ते बारा आठवडे लागतात. सप्टेंबरच्या शेवटापासून ९ नोव्हेंबरपर्यंत सहा आठवडे होतात. मधल्या स्टेरॉइडने प्रतिकार दबला आणि बुरशीला रान मोकळं मिळालं.

मग घाईने दोन प्रश्न. नातीला होईल का? ती त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची. डॉक्टर म्हणाल्या, खोकल्यातून, श्वासातून हा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. फोडीला हात लावताना हातमोजे, तिच्यावर बंद पट्टी बांधायची नाही, आणि चावणार नाही याची काळजी. दुसरा प्रश्न त्यांनीच काढला : त्या काठावर तुम्हीही होतात ना? जावयाला आठवडाभर ढास होती. तो त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे गेला, छातीचा फोटो स्वच्छ निघाला. नात आणि लेक यांचीही तपासणी झाली.

पहिला आठवडा

इट्राकोनॅझोल. औषध दुर्मीळ असेल, मुंबईहून मागवावं लागेल, असं आम्ही धरून चाललो होतो. निघालं कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. गजकर्णासाठी हल्ली घरोघरी खपतं. मात्र डॉक्टरांनी कंपनी ठरवून दिली आणि सांगितलं की मध्येच बदलू नका, आणि पावडर पुड्या करून देणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका, कारण ती अंगात नीट शोषली जात नाही. पाच दिवस रोज तीन कॅप्सूल, शंभर मिलिग्रॅमच्या, मग रोज दोन. (हा हिशेब खंडूच्या तेव्हाच्या २७ किलोंचा, कुणी उचलून आपल्या कुत्र्याला देऊ नये.) आधीची आम्लविरोधी गोळी लगेच बंद, कारण या कॅप्सूलला पोटात आम्ल लागतं आणि स्निग्ध अन्नही लागतं.

आणि खंडू तर पाच दिवस काही खात नव्हता.

दिंडोरीहून दादा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात पाचवा प्रयोग करत होते. त्याची द्राक्षबाग. त्याने औषधाचं नाव वाचलं आणि म्हणाला, “अगं, हा तर आमच्या भुरीच्या औषधाचा चुलतभाऊ.” मला वाटलं चेष्टा करतोय. पण द्राक्षावर भुरीसाठी (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी) मारतात ते हेक्साकोनॅझोल आणि हे इट्राकोनॅझोल खरंच एकाच ट्रायझोल घराण्यातलं. दोन्ही बुरशीच्या पेशीचं पटल टिकवणारा एक स्निग्ध घटक बनूच देत नाहीत. दादा पुढे म्हणाला ते मी वहीत लिहून ठेवलंय : भुरी एका फवारणीने जात नाही, पानाखाली राहते, आणि पहिल्या फवारणीनंतर बाग आणखी भकास दिसते.

तसंच झालं. औषधाच्या तिसऱ्या दिवशी रात्री अडीचला श्वास ६८. मान लांब केलेली, कोपरं अंगापासून दूर, पोट आत ओढलं जातंय. डॉक्टरांना उठवलं. मरणाऱ्या बुरशीला शरीर जोरात उत्तर देतं, फुप्फुसात सूज चढते. या आजारात फुप्फुसं खूप भरलेली असतील तर जवळजवळ निम्मे कुत्रे पहिल्याच आठवड्यात जातात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आता त्यांनी थोड्या दिवसांसाठी, कमी मात्रेत स्टेरॉइड लिहिलं.

मी भडकले. “पुन्हा तेच? त्यानेच तर वाट लावली!”

त्या शांतपणे म्हणाल्या, “तेव्हा बुरशीवर औषध चालू नव्हतं, सिस्टर. आता आहे.” वहीचा तक्ता बघून त्यांनी ‘काकू’ सोडून ‘सिस्टर’ कधी सुरू केलं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ऑक्सिजनसाठी कोविडच्या काळात घेतलेलं पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर माळ्यावरून काढलं. कुत्र्याच्या तोंडाला मास्क टिकत नाही. डॉक्टरांनी युक्ती दाखवली : जखम चाटू नये म्हणून घालतात ती प्लास्टिकची गळपट्टी घालायची, तिचं तोंड खालून पाऊण भाग पातळ प्लास्टिकने बंद करायचं, वरची फट मोकळी ठेवायची आणि नळी गळ्यापाशी आत सोडायची. वरची फट महत्त्वाची. ती बंद झाली तर उष्णता आणि उच्छ्वास आत कोंडतात. कुत्रा घाम गाळून नाही, तोंडाने धापा टाकून अंग थंड करतो. दर वीस मिनिटांनी मी आत हात घालून बघत होते, किती गरम झालंय ते.

आमची पाळी ठरली. दहा ते दोन लेक, दोन ते सहा मी (नाइट ड्यूटीची सवय मोडलेली नाही), सकाळी हे. दोन तासांनी कूस बदलायची, पण शक्यतो छातीवर, पुढचे पाय पसरून बसलेलंच ठेवायचं. एका कुशीवर पडला की खालचं फुप्फुस दबतं. दिवसातून तीनदा सलाइनची वाफ, नेब्युलायझरने, पंधरा मिनिटं. पाठीवर थापटून कफ सुटवायची मला घाई होती, माणसांत करतोच आपण. पण पहिला आठवडा डॉक्टरांनी मनाई केली. ऑक्सिजन मुळातच कमी, त्यात थापटलं तर दम लागेल. घरातली उदबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद. ह्यांची पूजा गॅलरीत गेली. रखवालदाराची शेकोटी आमच्या खिडकीखाली असायची, ती त्याने न कुरकुरता पलीकडच्या भिंतीला नेली आणि रोज सकाळी विचारायचा, “रात्र कशी गेली?”

हँडओव्हर तोंडी नाही, वहीत. श्वास, हिरड्यांचा रंग, ताप, किती प्यायला, किती मुतला, काय खाल्लं. श्वास झोपेतच मोजायचा, पूर्ण मिनिटभर. जावई पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा, ते मी बंद करायला लावलं. एका श्वासाची चूक चार होते.

खाण्याचं सांगायचं राहिलं. अंड्याचा बलक, पनीर, चिकनचं पाणी, डब्यातलं महागडं ओलं खाणं. सगळीकडे तोंड फिरवलं. सक्तीने पिचकारीने भरवायचं नाही असं ठरलं होतं, धाप लागलेल्याच्या घशात अन्न गेलं तर ते फुप्फुसात उतरतं. चौथ्या दिवशी मी मटणाचं नुसतं पाणी काढलं, कांदा-लसूण न घालता (कुत्र्याला दोन्ही विषारी), त्यात बाजरीची भाकरी कुस्करली, वर चमचाभर साजूक तूप, आणि बशी कोमट करून नाकाजवळ धरली. त्याने वास घेतला. जीभ बाहेर आली. तीन घास. चौथ्यात लोण्याच्या गोळीत कॅप्सूल गेली. वहीत त्या रकान्यात लेकीने फक्त ‘भाकरी!!!’ लिहिलंय, वेळ लिहायला विसरली. मी ओरडले नाही.

आठव्या दिवशी पहाटे : ३८. गळपट्टी काढली.

पुढचे महिने

इथून पुढे नाट्य कमी आणि चिकाटी जास्त, म्हणून थोडक्यात. ताप दहाव्या दिवशी उतरला. कोपरावरची फोडी तीन आठवड्यांत सुकली. वजन २६.८ पर्यंत घसरून थांबलं. दर भेटीला डॉक्टर डोळ्यांत टॉर्च मारून बघायच्या, कारण ही बुरशी डोळ्यांत, हाडांत, मेंदूतही जाते; खंडूच्या नशिबाने गेली नाही.

तेहतिसाव्या दिवशी त्याने भाकरी पुन्हा नाकारली. मला बुरशी उलटल्याची धास्ती. रक्त तपासलं तर यकृताचं एएलटी ३१२, म्हणजे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट. औषधाचा परिणाम. सहा दिवस कॅप्सूल बंद, भूक परतली, मग अर्ध्या मात्रेने सुरुवात आणि हळूहळू पूर्ण. त्या सहा दिवसांत मी वहीत श्वास दोनऐवजी चार वेळा मोजला. खरं तर गरज नव्हती.

जानेवारीअखेरच्या फोटोत ठिपके निम्म्याहून कमी. याच सुमारास घरात सगळ्यांना वाटायला लागलं की तो बरा झालाय : खोकला नाही, शेपूट चालू, कॅप्सूलचा कंटाळा. हे म्हणाले, “आता किती दिवस विष घालायचं पोटात?” हाच या आजारातला फसवा टप्पा. लक्षणं गेली म्हणून औषध लवकर थांबवलं की बुरशी परत येते. नीट उपचार घेऊनही सुमारे पाचातल्या एका कुत्र्याला पहिल्या वर्षभरात ती उलटते. फोटो स्वच्छ दिसल्यावरही निदान एक महिना औषध चालूच ठेवायचं असतं. मी दादाला फोन लावून यांच्या हातात दिला. दहा मिनिटं भुरीवर बोलणं झालं, विषय परत निघाला नाही.

फेब्रुवारीत त्याच दादाने पेटीभर द्राक्षं आणली आणि कौतुकाने एक घड खंडूच्या पुढ्यात धरला. मी धावत जाऊन हिसकावला. द्राक्ष आणि मनुका कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, हे द्राक्षांच्या गावात किती जणांना माहीत आहे? दादाला नव्हतं, आणि त्याच्या बागेतलं कुत्रं पडलेले मणी खात मोठं झालं होतं. त्याने त्याच दिवशी गड्याला फोन केला.

मेमध्ये फोटो स्वच्छ, फक्त उजव्या खालच्या भागात एक पांढरी रेघ. व्रण, असं डॉक्टर म्हणाल्या. जूनच्या अखेरीस, सात महिन्यांनी, शेवटची कॅप्सूल. वजन ३०.२. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहिल्यांदा नेलं तेव्हा पाऊस नुकताच पडून गेला होता आणि त्याने पाय लागताच ओली माती उकरायला सुरुवात केली. लेकीने पट्टा ओढला. इथली माती ती नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं. तरी ओढलाच.

औषध थांबल्यावर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी फोटो काढायचा आहे. पहिल्या दवाखान्यात मी जाऊन आले. पेढे नेले होते आणि कार्डही, ‘मुंबई’ खोडून घ्यायला. डॉक्टरांनी काचपट्टीचा फोटो मोबाईलवर मागून घेतला, मोठा करून बराच वेळ पाहिला आणि त्यांच्या मदतनिसाला बोलावून दाखवला.

वही चालू आहे. काल रात्रीची नोंद नातीच्या हातची, आकडा उलटा काढलेला : १८.